ऑटोपायलट आणि वैमानिकाचा हात

विमानाची उंची, दिशा आणि वेग यंत्रणेच्या स्वाधीन राहिल्याने वैमानिकाचा स्वतः विमान चालवण्याचा सराव मोडतो आणि ऐनवेळी तो उणा पडतो. हवाई सुरक्षेतला हा कळीचा प्रश्न.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यातल्या लोधीखेड्याला संत्र्याच्या बागेतून वर पाहिले की हिवाळ्यात आभाळात पांढऱ्या रेघा उमटताना दिसतात. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारी बरीच विमाने इथल्या, नागपूरजवळच्या आभाळातून जातात. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमध्ये वर-खाली १,००० फुटांचेच अंतर ठेवण्याची पद्धत भारतात २००३ मध्ये आली. त्यासाठी उंची आपोआप राखणारी यंत्रणा लागते. म्हणजे प्रवासाचा सर्वांत लांब टप्पा हाताने उडवायला नियमानेच वाव नाही. सराव तुटल्याचा दोष वैमानिकाच्या आळसावर ढकलणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

नागपूरच्या आकाशाने याच्या उलट काळही पाहिला आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती माघारी फिरत. सुरुवातीच्या डकोटांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे पावसाळी ढगांच्या माथ्यावरून जाणे शक्य नसे. ढगांतून वाट काढत अंधारात विमान उतरवायचे. त्या वैमानिकांना वेगळ्या सरावाची गरजच काय होती?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. दुपारची वेळ, हवा स्वच्छ आणि विमान जेमतेम दोन महिन्यांचे. उतरताना यंत्रणा अशा अवस्थेत राहिली होती की इंजिने अगदी मंद चालत होती आणि वेग सावरायला आपोआप जोर मिळत नव्हता. या विमानात ऑटोथ्रस्ट जोर वाढवतो-घटवतो तेव्हा इंजिनांचे दांडे जागचे हलत नाहीत. दांड्यावर तळहात ठेवून बसलेल्या माणसाला इंजिन झोपल्याचे हाताने कळत नाही, ते पडद्यावरच वाचावे लागते. वेग घसरल्याचे लक्षात आले तेव्हा पूर्ण जोर दिला गेला, पण इंजिनांना तो धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची उरली नव्हती.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, ऑटोपायलट सुटला, आणि वैमानिक नाक वर ओढत राहिल्याने विमान पंखांचा आधार गमावून समुद्रात पडले. २२८ जणांचा जीव गेला.

हरवते ते नेमके काय? नासाचे स्टीफन कॅसनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवले होते. हाताची सफाई बरीचशी शाबूत होती. अडखळणे अधिक दिसले ते विमान कुठे आहे आणि पुढे काय करायचे याचा मनात हिशेब ठेवताना. माझ्या मते बंगळूरची गोष्टही इथेच येऊन मिळते: तिथे दांडा हातात होता, इंजिनांची खबर नव्हती.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ मध्ये कंपन्यांना योग्य प्रसंगी हाताने उड्डाण करू देण्याचा सल्ला दिला. नेहमीच्या प्रवासी फेरीत अशी संधी मिळते ती मुख्यतः उड्डाणानंतरच्या आणि उतरण्याआधीच्या मोजक्या मिनिटांत, हवा स्वच्छ आणि गर्दी कमी असेल तेव्हा.