चवदार तळं, पेपर आणि जलसा

महाडचं चवदार तळं म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा इतिहास. तळं सगळ्यांना खुलं, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पण तो राहिला कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर जमावाने सत्याग्रहींना मारहाण केली.

आता ही बाजू छापणार कोण? १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघालं तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात घेतली नव्हती. महाडनंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांचं ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. आपली बातमी आपल्या पेपरात आली.

पण ज्यांच्यासाठी पेपर निघायचा, त्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. तिथे जलसे कामाला आले. भीमराव कर्डकांचा जलसा, पुढे वामनदादा कर्डकांची गाणी. बाज तमाशाचा, विषय मात्र शाळा, पाणी आणि माणुसकी. वामनदादा स्वतः मोठेपणी अक्षरं शिकले. पेपर पोचला नाही त्या वस्तीत गाणं पोचलं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, तेव्हा शिकवताना जलशाचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. म्हणून एक विनंती. बोर्ली, दिघी, श्रीवर्धनकडे भीमगीतं म्हणणारी जुनी मंडळी असतील, त्यांच्या वह्या असतील. त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणाकडे काही असेल तर मला नक्की कळवा, मी स्वतः येतो.