बालशिक्षणातील व्यावसायिक नीतिमत्ता

बालशिक्षणातील व्यावसायिक नीतिमत्ता म्हणजे जन्मापासून साधारणतः आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन व शिक्षण करणाऱ्या व्यक्तींनी आपल्या कामात पाळावयाची कर्तव्ये, मर्यादा आणि मूल्ये यांचा विचार होय. अंगणवाडी, बालवाडी, शिशुवर्ग, पाळणाघर तसेच प्राथमिक शाळेतील पहिले दोन वर्ग यांतील कामाला तो लागू होतो. व्यक्तीचा प्रेमळ स्वभाव आणि व्यावसायिक नीतिमत्ता या दोन गोष्टी भिन्न आहेत. एखादी शिक्षिका मनाने अत्यंत प्रेमळ असूनही नेहमी त्याच दोन-तीन गोंडस मुलांना जवळ घेत असेल, तर उरलेल्या मुलांच्या बाबतीत तिच्याकडून कर्तव्यच्युती घडते. व्यावसायिक नीतिमत्तेत शिक्षकाच्या आवडीनिवडीपेक्षा प्रत्येक मुलाचा हक्क प्रमाण मानला जातो.

स्वतंत्र विचाराची गरज

अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ लिलियन कॅट्झ यांनी १९७०च्या दशकात या क्षेत्रातील नैतिक प्रश्नांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांनी चार कारणे दिली. पहिले कारण सत्तेचे. तीन वर्षांचे मूल शिक्षकाविरुद्ध दाद मागू शकत नाही. आपल्यावर अन्याय झाला हे त्याला कळतेच असे नाही आणि कळले तरी ते सांगण्याइतकी भाषा त्याच्यापाशी नसते. मूल जितके लहान, तितकी शिक्षकाची सत्ता मोठी. दुसरे कारण असे की, शिक्षकाचे उत्तरदायित्व एकाच वेळी मूल, पालक, संस्था आणि समाज अशा अनेकांशी असते. शुल्क भरतो पालक, सेवा मिळते मुलाला. या दोघांच्या हिताचा मेळ बसत नाही तेव्हा शिक्षकापुढे पेच उभा राहतो. मुलांसाठी नेमके काय उत्तम याविषयी निर्विवाद ज्ञान नसणे आणि शिक्षकाच्या भूमिकेच्या सीमा धूसर असणे, ही उरलेली दोन कारणे होत.

आचारसंहिता

लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने १९८९ मध्ये आपली आचारसंहिता स्वीकारली. स्टेफनी फीनी आणि केनेथ किप्निस यांचा तिच्या मसुद्यात प्रमुख वाटा होता. मुले, कुटुंबे, सहकारी आणि समाज अशा चार विभागांत ही संहिता शिक्षकाच्या जबाबदाऱ्या सांगते. मुलाला इजा होईल असे काहीही करावयाचे नाही, हे तत्त्व तिने अन्य सर्व तत्त्वांच्या वर ठेवले आहे. ऑस्ट्रेलियातील बालशिक्षण संघटनेनेही १९९०च्या सुमारास अशीच संहिता तयार केली व पुढे तिच्यात सुधारणा केल्या.

या संहितांचे महत्त्वाचे योगदान म्हणजे ‘जबाबदारी’ आणि ‘पेच’ यांत त्यांनी केलेला भेद. मुलाला मारू नये ही जबाबदारी आहे. तीत निवडीचा प्रश्नच येत नाही. पेचात मात्र दोन्ही बाजूंना रास्त कारणे असतात. फीनी व किप्निस यांच्या मांडणीमुळे प्रसिद्ध झालेले उदाहरण दुपारच्या झोपेचे आहे. मूल दुपारी झोपले तर रात्री उशिरापर्यंत जागते आणि पहाटे उठून कामावर जाणाऱ्या आईची ओढाताण होते. म्हणून त्याला केंद्रात झोपू देऊ नये, अशी विनंती आई करते. शिक्षिकेला मात्र मुलाला झोपेची गरज असल्याचे दिसत असते. अशा वेळी नियमावर बोट ठेवून आईला नकार देणे किंवा मुलाला जबरदस्तीने जागे ठेवणे, हे दोन्ही मार्ग अपुरे ठरतात. आईशी बोलून, झोपेचा अवधी कमी करून किंवा तिची वेळ बदलून काही मार्ग निघतो का, हे आधी पाहावे लागते. अशी खटपट करणे हेही व्यावसायिक कर्तव्यच मानले जाते.

भारतातील परंपरा

भारतात हा विचार लिखित संहितांच्या पुष्कळ आधी प्रत्यक्ष प्रयोगांतून आला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. शिक्षा आणि बक्षीस, म्हणजेच धाक आणि आमिष, ही दोन्ही साधने त्यांनी त्याज्य मानली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

वारली वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. हे प्रयोग सामान्यतः शिक्षणपद्धतीचे म्हणून सांगितले जातात; तथापि त्यांतील नैतिक भूमिका अधिक मूलगामी आहे. मूल शाळेत आले नाही, तर दोष मुलाचा किंवा त्याच्या आईबापांचा न मानता शाळेने आपली जागा, वेळ आणि साधने बदलावीत, असा तिचा आशय होता. ‘अंगणवाडी’ हा पुढे देशभर रूढ झालेला शब्द याच कामातून आला.

कायदेशीर चौकट

२००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क केला. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र मार्गदर्शक तत्त्वांतील अनुच्छेद ४५ मध्ये ठेवण्यात आले. शिक्षण हक्क कायदा, २००९ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतो. परंतु ‘बालक’ या शब्दाची त्यातील व्याख्याही सहा ते चौदा वर्षांचीच आहे. परिणामी ज्या वयात मूल सर्वाधिक असहाय असते, त्याच वयात या कायद्याचे संरक्षण सर्वांत तोकडे आहे. ही उणीव अन्य कायदे अंशतः भरून काढतात. बालकाला ताब्यात ठेवणाऱ्या व्यक्तीने केलेली क्रूरता बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्हा ठरते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) नुसार अत्याचाराची माहिती किंवा आशंका असणाऱ्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी टाळण्यासाठी गप्प राहणे हा येथे पेच नव्हे, अपराध आहे.

महाराष्ट्राने १९९६ मध्ये शालापूर्व केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदा केला. चिमुकल्या मुलांच्या प्रवेश-मुलाखतींना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. केंद्र सरकारने २०१३ मध्ये प्रारंभिक बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षणाचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ निश्चित केला.

दैनंदिन कामातील प्रश्न

शिशुवर्गात नित्य उद्भवणारा प्रश्न लेखनाच्या सक्तीचा आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पेन्सिलीसाठी पुरेसे तयार नसतात, हे शिक्षिकेला ठाऊक असते. पण शेजारच्या शाळेतील मुले शंभरपर्यंत अंक लिहितात, असे पालक सांगतात आणि संस्थाचालकांना पटसंख्येची काळजी असते. वह्या भरवून घेणे सर्वांना सोयीचे ठरते. एकट्या मुलाचे हित त्यात मागे पडते.

अंगणवाडीतील प्रश्न अधिक गंभीर असू शकतात. सेविका दरमहा मुलांची वजने घेते. तीव्र कमी वजनाची मुले वाढलेली दिसली तर वरून विचारणा होते, म्हणून आकडा थोडा वाढवून लिहिण्याचा मोह होऊ शकतो. मात्र नोंदीत सुदृढ ठरलेल्या मुलाला अतिरिक्त आहार मिळत नाही, ग्राम बालविकास केंद्रातील उपचारही मिळत नाहीत. कागदावरचे अर्धा किलो त्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. वजनाची खरी नोंद ठेवणे हे त्यामुळे केवळ कार्यालयीन शिस्तीचे काम राहत नाही.

यांखेरीज मुलाच्या घरातील भांडणे, आजार वा गरिबी यांविषयी कळलेली माहिती गुप्त ठेवणे, दोन मुलांची पालकांसमोर तुलना न करणे, घरच्या बोलीला न हसणे, डब्यातील पदार्थावरून टिप्पणी न करणे, स्वच्छतागृहात मदत करताना मुलाची लाज जपणे इत्यादी बाबी यात मोडतात. वर्गातील मुलांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा जाहिरातीत पालकांच्या संमतीविना वापरणे हा अलीकडे वाढलेला प्रकार होय. मुलांच्या वैयक्तिक माहितीवरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात आहे.

टीका व मतभेद

लिखित संहितांवर दोन दिशांनी आक्षेप घेतले जातात. गुनिला डालबर्ग आणि पीटर मॉस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सार्वत्रिक नियमांवर विसंबल्यास समोरच्या विशिष्ट मुलाविषयीची शिक्षकाची स्वतःची जबाबदारी क्षीण होते. उलट बाजूने असे म्हटले जाते की, नियम नसतील तर दुर्बल मुलाला केवळ शिक्षकाच्या सदिच्छेवर अवलंबून राहावे लागेल.

दुसरा आक्षेप आर्थिक आहे आणि भारतात तो अधिक लागू पडतो. ज्यांच्याकडून व्यावसायिक आचरणाची अपेक्षा केली जाते, त्यांना व्यावसायिकाचा दर्जा क्वचितच मिळतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना वेतन न देता मानधन दिले जाते. आहार, लसीकरण, सर्वेक्षणे आणि नोंदी सांभाळून उरलेल्या वेळात शालापूर्व शिक्षण द्यावे लागते. खासगी शिशुवर्गांतील अनेक शिक्षिकांना नेमणुकीची शाश्वती नसते, त्यामुळे संस्थाचालकांच्या चुकीच्या निर्णयास विरोध करणे त्यांना कठीण जाते. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान कायद्याखाली उपदानास (ग्रॅच्युइटी) पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला.