काळ्या मातीतले फेज

मातीतून बॅक्टेरियोफेज वेगळे करण्याची कृती पुस्तकात अर्ध्या पानात आटोपते: माती द्रवमाध्यमात घाला, यजमान जिवाणू सोडा, रात्रभर शेकरवर ठेवा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, प्लेट लावा. कृती बरोबर आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अमरावती-अकोल्याची माती नव्हती, एवढंच.

बेसाल्ट झिजून झालेली आपली काळी माती स्मेक्टाइट चिकणमातीने भरलेली. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि फेजला घट्ट धरून ठेवते. फेज आणि चिकणमातीचे कण दोघांवरही बहुधा ऋणभार असतो, पण चुनखडीतला कॅल्शियम मध्यस्थी करतो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात क्षारांची आणखी भर. म्हणून प्लेट कोरी आली की ‘या शेतात फेज नाहीत’ असं प्रयोगवहीत लिहायची घाई करू नका. पेप्टोन घातलेल्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात माती आधी ढवळून पाहा. प्रथिनं चिकणमातीवरच्या जागा अडवतात आणि फेज सुटे होतात. मे महिन्यात भाजलेला वरचा थर सोडा, मुळांजवळची ओलसर माती घ्या.

या शास्त्राचा एक धागा भारतातूनच जातो. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, असं अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवलं. ट्वॉर्ट (१९१५) आणि देरेल (१९१७) यांची नावं तुम्हाला परीक्षेपुरती पाठ असतीलच.

यजमान कोणता घ्यावा? बॅसिलस सोपा, एका रात्रीत निकाल देतो. माझा कल मात्र रायझोबियमकडे आहे. तूर-हरभऱ्याच्या बियाण्याला आपल्याकडे जिवाणू संवर्धक चोळून पेरतात. त्या पाकिटातल्या जिवाणूंना मारणारे फेज त्याच वावरात आधीपासून दबा धरून असतील तर? हा प्रश्न पदवीच्या प्रयोगशाळेतूनही विचारता येतो. फक्त सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम संथ वाढतो. त्याच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी फेकू नका. लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणूही हाताशी आहेच.

स्वच्छ प्लाक दिसला की सगळे हरखतात; धुरकट प्लाककडे मात्र दुर्लक्ष होतं. तो अनेकदा जिवाणूच्या जनुकसंचात मुक्काम करणाऱ्या फेजचा असतो. त्यालाही जागा द्या.

प्रत्येक वेळी एक प्लेट बिनफेजची ठेवा, कारण अगारमधला बुडबुडाही प्लाकसारखा दिसतो. शंका आली तर ठिपक्यातून निर्जंतुक टोकाने थोडं उचलून पुन्हा प्लेट लावा. फेज असेल तर वाढेल. बुडबुडा वाढत नाही.