पुतळी, दिनार आणि तेरची माती

औसा-निलंगा भागात आजीच्या डब्यातून काढून ‘रोमन मोहर’ म्हणून जे सोने दाखवले जाते, ते बहुतेक वेळा व्हेनिसचे असते. एका बाजूस संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा अधिपती; दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे या नाण्याला पुतळी म्हणत, आणि पुतळीहाराचे नावही तिच्यावरूनच आले. त्यातही अनेक पुतळ्या इथल्याच सोनारांनी घडवलेल्या नकला असतात. त्यांवरची अक्षरे म्हणजे नुसत्या रेघा. व्हेनिसने हे नाणे पाडायला सुरुवात केली १२८४ साली. म्हणजे तिला रोमन म्हणताना आपण हजार-बाराशे वर्षे सहज ओलांडतो.

रोमन सोन्याचे नाणे, ऑरियस, याच्या दुपटीहून जड भरते, सात-आठ ग्रॅम, आणि त्यावर सहसा सम्राटाचे एका अंगाने दिसणारे मस्तक असते. चांदीच्या नाण्याचे नाव देनारियस; आपला ‘दिनार’ त्यातूनच आला. भारतात पुन्हा पुन्हा सापडणारे देनारियस मुख्यतः दोन तऱ्हांचे. ऑगस्टसच्या नाण्यामागे त्याचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे. टायबेरियसच्या नाण्यामागे राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. लेख झिजला तरी या आकृत्यांवरून नाणे ओळखता येते. पुढे इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने देनारियसचे वजन आणि कस दोन्ही उतरवले. आपल्याकडच्या चांदीच्या साठ्यांत त्याच्या आधीचीच नाणी फार, याचे एक कारण हेही असावे.

पण हे मोठे साठे प्रामुख्याने कोइमतूरच्या बाजूला आणि आंध्र-तेलंगणात मिळाले. आपल्या तेरणाकाठी काय?

तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीटने १९०१ मध्ये मांडले. त्याआधी विद्वान तगर देवगिरीपासून जुन्नरपर्यंत कुठे कुठे शोधत होते. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगतो, तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाई. तोच हेही सांगतो की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो. मला यात उत्तराचा धागा दिसतो. परकी नाणी बरीचशी बंदरावरच मोडली जात असणार. देशावरच्या बाजारात सातवाहनांचे शिसे आणि पोटीन चाले. तगरच्या विणकराच्या हाती टायबेरियसचे मस्तक क्वचितच पडले असेल.

तरीही ते मस्तक लोकांना ठाऊक होते, आणि याचा पुरावा धातूत नाही, मातीत आहे. दख्खनच्या सातवाहनकालीन स्थळांवर, तेरलाही, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके मिळतात. खरे नाणे दाबून साचा घ्यायचा, वर दोरा ओवायला भोक ठेवायचे, भाजायचे आणि गळ्यात घालायचे. गोरोबाकाकांच्या गावात रोमचा सम्राटही मातीचाच झाला! नाणेसंग्राहकाच्या लेखी याची किंमत शून्य. मला मात्र हे पदक ऑरियसपेक्षा जास्त बोलके वाटते, कारण पुतळीचा हार करणारी हौस सतरा-अठराशे वर्षे आधी इथेच होती, हे त्यातून दिसते.

अशा वस्तू ओळखता येतात त्या ठिकाण ठाऊक असल्यामुळे. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून मणी, खापरे, मातीच्या मूर्ती हजारोंनी गोळा केल्या. त्या तेरच्याच आहेत, हे माहीत असल्यानेच आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला मोल आहे. बाजारातून आलेल्या नाण्याचा राजा सांगता येतो, गाव सांगता येत नाही.

नांगराला काही लागले की माणूस आधी सोनार गाठतो, कारण सरकार सगळे नेईल ही भीती. १८७८ चा निखात निधी कायदा तसा नाही. दहा रुपयांवरची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. मालक सिद्ध झाला नाही तर शोधणारा आणि जमीनमालक यांना हिस्सा मिळतो, आणि सरकारने वस्तू ठेवून घेतलीच तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावा लागतो. तेव्हा सोनाराकडे जाण्याआधी एका चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, किती हातावर निघाले आणि सोबत खापर, राख, मणी काय होते ते लिहावे. आणि नाणे चिंचेने घासू नये.