'सरावलेली' : एका शेऱ्याचा इतिहास

शब्दाच्या निवडीतून लिहिणाऱ्याची दृष्टी कळते, असे आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो. हीच कसोटी वैद्यकीय अहवालाला लावून पाहावी, असे आम्हाला वाटते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद आहे. खटला पुढे तिच्याच नावाने ओळखला गेला; ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. सोबतच्या माणसांनी तिला प्रथम एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सांगितले, पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवा. म्हणजे ज्या ठाण्यातून ती नुकतीच बाहेर पडली होती, तेथेच. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास.

त्या तपासणीत वय चौदा ते सोळा नोंदले गेले. अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेले, दोन बोटे सहज जातात, अशा नोंदी झाल्या. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने ती शरीरसंबंधास सरावलेली असल्याचे मानून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे सांगत दोघांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जखमांच्या अभावावर भर देत त्यांची पुन्हा मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले.

त्यातून १९८३ चा कायदा आला. कोठडीतील बलात्काराची स्वतंत्र तरतूद झाली, पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला. परंतु हा बदल प्रामुख्याने न्यायालयापुरता होता. रुग्णालयात तपासणीच्या टेबलावर तीच दोन बोटे आणि तोच शेरा चालू राहिला. २००६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत, संमतीने तपासणी व्हावी असे ठरवले. तरीही तेथे स्त्री येत होती ती पुरावा म्हणून.

ती रुग्णही आहे, हे कायद्याने स्पष्टपणे म्हणायला २०१३ साल उजाडले. सरकारी वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, आणि न केल्यास शिक्षा, अशी तरतूद झाली. १९७२ मधील त्या पहिल्या डॉक्टरांच्या दाराशी जे घडले, त्याचे हे एकेचाळीस वर्षांनी आलेले उत्तर होते, असे आम्ही मानतो. २०१४ च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी उपचारांसाठी आधी पोलीस तक्रार हवी, ही समजूत मोडीत काढली. पुरावा देण्यास नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाहीत, असे बजावले. गर्भधारणा रोखणाऱ्या गोळ्या, एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे, मानसिक आधार हे सारे उपचारांत आले. यांतील औषधांना ७२ तासांची मर्यादा असल्याने दारातून परत पाठवणे ही केवळ असंवेदनशीलता राहत नाही.

आधाराचा हा विचार मुंबईत त्याआधीच रुजत होता. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशन केंद्र सुरू केले. नाव ठेवले 'दिलासा'.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सांगितले. ज्या न्यायालयात त्या चाचणीच्या नोंदी कधी काळी वाचल्या गेल्या, तेथेच चव्वेचाळीस वर्षांनी हे घडले. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये विनामूल्य उपचारांचे बंधन कायम आहे.

कलम लिहिले गेले म्हणून शेरा पुसला जातोच, असे नाही. आमच्या वर्गातील मुलींना या कलमाचा क्रमांक ठाऊक नसतो. 'सरावलेली' या शब्दामागचा संशय मात्र त्यांना न शिकवताच कळतो. निदान यातले पहिले बदलणे आपल्या हाती आहे.