बाखच्या नावाची तुतारी

लग्नाच्या वरातीत बँडवाला ट्रम्पेटवर सिनेमाचं गाणं वाजवतो, ते तीन कळांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोरावर. आपल्या तुतारीला कळा नसतात. जो स्वर काढायचा तो ओठांनी आणि दमानं. योहान सेबास्टियान बाखच्या काळचं ट्रम्पेट या बाबतीत तुतारीच्याच कुळातलं. सुमारे सात फुटांची नळी, दुमडलेली, आणि तिच्यात खालचे स्वर एकमेकांपासून लांब लांब. वर, अगदी वर गेलं की ते जवळ येतात आणि तिथंच सरगम जमते. बाखनं ट्रम्पेटच्या चाली लिहिल्या त्या या उंचीवर. लाइपझिगचा गोटफ्रीड रायखं त्या वाजवायचा. तो १७३४ मध्ये गेला. पुढं ती विद्याही गेली.

दीडशे वर्षांनी, १८८४ साली, आयझेनाखला बाखच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्या वेळी बी मायनर मासमधला तो अवघड भाग बर्लिनच्या युलियस कोसलेकनं लांब, सरळ नळीच्या ट्रम्पेटवर वाजवून दाखवला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही तेच. लोक थक्क झाले. हरवलेलं वाद्य सापडलं, अशीच समजूत झाली आणि त्याला नाव पडलं ‘बाख ट्रम्पेट’.

आता गंमत पाहा. त्या नळीला दोन व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हचं पेटंट १८१८ सालचं आणि बाख वारला १७५० मध्ये! नळीही जुन्या नळीच्या दोन तृतीयांश. त्यामुळं वरचा स्वर नेमका पकडणं सोपं, आणि मधल्या फटी कळांनी भरायच्या. रायखंच्या तसबिरीत तर त्याच्या हाती वेटोळं घातलेलं वाद्य आहे. सरळ नळी दिसायला प्राचीन, एवढंच.

मी याला लबाडी म्हणणार नाही. कोसलेकनं ते संगीत पुन्हा कानावर घातलं, हे थोडं नव्हे. नुकसान झालं ते नावानं. जुनं वाद्य मिळालंच आहे म्हटल्यावर जुनी विद्या शोधायची घाई कोणाला?

१९६० च्या सुमारास जर्मनीत ओटो स्टाइनकोफनं त्या तसबिरीवरून वेटोळं ट्रम्पेट बनवलं. व्हॉल्व्ह नाहीत, पण स्वर ताळ्यावर यावेत म्हणून नळीला बारीक भोकं ठेवली. ती बाखच्या काळी नव्हती.