पाकिटाचं बटण आणि सोलापूरचा हिशेब

22 जुलै 1931 रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. गोळी छातीवरच लागली, पण खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली. हॉटसन वाचले. गोगट्यांनी सूड उगवायचा होता तो आमच्या सोलापुरातल्या मार्शल लॉचा.

इतिहासाची दिशा एका बटणाने ठरते का, हा प्रश्न काळप्रवासाच्या कथा लिहिणाऱ्यांना फार आवडतो. स्टीफन किंगच्या 2011 सालच्या कादंबरीत एक शाळामास्तर केनेडींची हत्या रोखायला 1958 सालात उतरतो, पाच वर्षं दबा धरून राहतो, हत्या टाळतो. परत येऊन पाहतो तर जग अधिकच बिघडलेलं. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत दुसऱ्याच एका हिंदुस्थानात जाऊन पडतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते, आणि मराठे जिंकलेले असतात. ई. एच. कार यांनी अशा ‘जर-तर’ला बैठकीतला खेळ म्हणून मोडीत काढलं होतं. मला ते पूर्णपणे पटत नाही. खेळ नीट खेळला तर कोणती कडी खरोखर जड होती आणि कोणती नुसती दिसायला मोठी, हे कळतं.

म्हणून हॉटसनच्या खिशातलं ते बटण काढून पाहू.

पहिला परिणाम उघड आहे. 1897 साली रँडला मारणारे चापेकर फासावर गेले, 1909 साली नाशकात जॅक्सनला मारणारा अनंत कान्हेरे पुढच्याच एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. गोगट्यांचंही तेच झालं असतं. प्रत्यक्षात त्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, मुदतीआधी सुटका झाली, ते वकील झाले आणि पुढे पुण्याचे महापौर. म्हणजे त्या बटणाने दोन माणसं वाचवली.

दुसरा परिणाम मोठा, आणि त्याबद्दल ठाम बोलणं अवघड. मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला होता. गांधीजी गोलमेज परिषदेला जाणार की नाही हे जुलैत पक्कं नव्हतं. गोगट्यांच्या गोळीनंतर पाचच दिवसांनी कलकत्त्यात न्यायाधीश गार्लिक यांना भर न्यायालयात ठार करण्यात आलं. ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या महासमितीने दोन्ही कृत्यांचा निषेध केला. हॉटसनवरील हल्ल्यानंतर 38 दिवसांनी, 29 ऑगस्टला, गांधीजी मुंबईहून बोटीत बसले. गव्हर्नराच्या खुर्चीतला माणूस मेला असता तर सरकारने करार गुंडाळला असता का? लंडनमध्ये गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांचा समोरासमोर झालेला वाद, पुढचा जातीय निवाडा, येरवड्यातला पुणे करार, हे सगळं त्याच क्रमाने घडलं असतं का? कादंबरीकाराला इथे भरपूर रान मोकळं आहे. मी इतकंच म्हणेन की एक न्यायाधीश मेला तरी बोट सुटली. गव्हर्नर मेला असता तर कदाचित उशिरा का होईना, सुटली असती.

पण सोलापूरकराला या सगळ्यापेक्षा वेगळाच प्रश्न पडतो. हॉटसन मेले असते तर सोलापूरचा हिशेब फिटला असता का?

हिशेब असा. गांधीजींच्या अटकेनंतर 8 मे 1930 रोजी रूपाभवानीजवळ शिंदीची झाडं तोडायला जमाव गेला. गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जळली. मग पोलीस शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्यच नव्हतं. 12 मेपासून 30 जूनपर्यंत मार्शल लॉ. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’चे तरुण संपादक कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. आज पुण्याला जाणारी आमची गाडी ‘हुतात्मा एक्सप्रेस’ आहे. सकाळी डबा सोडवत बसलेल्या किती प्रवाशांच्या हे लक्षात असतं, कोण जाणे.

म्हणजे गोगट्यांची गोळी सुटली तेव्हा फाशीला सहा महिने उलटले होते. शिवाय मार्शल लॉच्या वेळी आणि फाशीच्या वेळी गव्हर्नर होते सर फ्रेडरिक साइक्स. ते रजेवर गेले म्हणून हॉटसन खुर्चीत होते. हॉटसन गृहखातं सांभाळत होते, तेव्हा ते निर्दोष होते असं नव्हे. मात्र सोलापूरचे कलेक्टर नाईट पुढे स्वतः हंगामी गव्हर्नरपदापर्यंत चढले. यंत्र एका माणसावर चालत नव्हतं. पुण्यातली गोळी लागली असती तरी त्या यंत्राचा एक भाग बदलला असता आणि आणखी एक फास घडला असता. हे लिहिताना गोगट्यांच्या धाडसाला कमी लेखायचं नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने भर ग्रंथालयात पिस्तूल काढणं ही साधी गोष्ट नव्हे.

तेव्हा कोणी सोलापूरवर काळप्रवासाची कादंबरी लिहायला घेतली, तर माझी सूचना आहे: नायकाला वाडिया ग्रंथालयात उतरवू नका. त्याला 8 मेच्या दिवशी मंगळवार पेठेत, चौकीच्या समोरच्या ओट्यावर बसवा. हातात पिस्तूल नको. त्याने फक्त बघायचं: पहिला दगड कुणाचा, काडी कुणी लावली, आणि ते चौघे त्या घटकेला कुठे होते. या खुनांत त्यांचा हात नव्हता असं सोलापूर पिढ्यानपिढ्या मानत आलं आहे. मग त्याला आठ महिने मिळतात, 12 जानेवारीपर्यंत. त्या अवधीत त्याने न्यायालयात उभं राहायचं, टोपी काढून की घालून हे त्याचं त्याने ठरवायचं, आणि इंग्रज न्यायाधीशाला सांगायचं की मी तिथे होतो, मी पाहिलं.